दहाच्या आत घरात!

एप्रिल उजाडला की आमच्या ट्रेकिंग ग्रुपला एकदम मरगळ येते. 'आता डायरेक्ट पावसाळ्यात भेटू,' असं म्हणत सगळे सॅक माळ्यावर टाकतात आणि वीकेंडला मॉलच्या एसीत जाऊन बसतात. पण खरं सांगू? पुण्यात राहून उन्हाळाभर डोंगराकडे पाठ फिरवायची म्हणजे निम्मी मजा हुकवायची. बहावा पिवळाधमक फुललेला असतो, करवंदीच्या जाळ्या लगडलेल्या असतात आणि गडावर पावसाळ्यातली जत्राही नसते.

फक्त एक नियम पाळायचा. 'सातच्या आत घरात' हे आपण लहानपणापासून ऐकलंय ना? उन्हाळ्यात डोंगरासाठी माझं व्हर्जन आहे, सकाळी दहाच्या आत घरात!

पहाटेचं गणित

दिवसातला सगळ्यात गार वेळ असतो सूर्योदयाच्या आसपास आणि सगळ्यात तापलेला दुपारी दोन ते चारमध्ये. पुण्याची हवा कोरडी, त्यामुळे दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे तो चांगलाच उतरलेला असतो. मुंबईकरांचं तसं नाही. तिथे पहाटेही हवा दमट. घाम वाळला तरच अंग गार होतं आणि तिथे तो वाळतच नाही. म्हणून मुंबईकरांनी चाल आणखी छोटी ठेवावी.

सिंहगडाचंच बघा. घरून साडेचारला निघून साडेपाचला आतकरवाडीतून चढायला लागलं की साधारण सातपर्यंत माथा. गड सुमारे १३०० मीटर उंचीवर, पुणे ५६० च्या आसपास. म्हणजे वर शहरापेक्षा चार-पाच अंशांनी गार! मात्र त्या वाऱ्याला भुलू नका. ऊन तेवढंच कडक असतं, फक्त ते जाणवत नाही.

खरी परीक्षा उतरताना

लवकर निघायचं हे सगळ्यांनाच कळतं. गडबड होते ती परतताना. गडावर पिठलं-भाकरी येते, पाठोपाठ मडक्यातलं दही येतं, मग फोटो, गप्पा... घड्याळात बघावं तर साडेदहा! आता उतरायचं ते तापलेल्या कातळावरून, जड पोटाने आणि रिकाम्या बाटल्यांनी. म्हणून परतायची वेळ खाली असतानाच ठरवा. साडेसात म्हणजे साडेसात. जिथे असू तिथून मागे वळायचं, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. चढणं सोपं असतं हो, 'चला परत' म्हणणारा ग्रुपमध्ये एक तरी लागतो. बोअर म्हणतील, म्हणू देत!

हे इतकं ताणून का सांगतेय? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावरच्या एका सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ती माणसं काही डोंगर चढत नव्हती, उन्हात बसलेली होती.

एसीवाल्यांनो, दमानं!

आपण आठवडाभर एसीत बसणारी मंडळी. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे एकदम रविवारी गड नको. आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग तळजाई, मग वेताळ टेकडी. ऑफिसच्या आधी पाऊण तास पुरतो. वाट निवडताना सावली कुठे आहे तेही बघा. सकाळी डोंगराची पश्चिमेकडची बाजू उशिरापर्यंत सावलीत असते. संध्याकाळी जायचं म्हणाल, तर कातळ दिवसभराची धग सोडत असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी अंधार पडल्यावर वनखातं थांबू देत नाही, आधी चौकशी करा.

सॅकमध्ये काय?

माणशी दोन-तीन लिटर पाणी. मे महिन्यात गडांवरची बरीच टाकी आटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचं लिंबू सरबत किंवा ओआरएस बरं. शिवाय टोपी, पूर्ण बाह्यांचा सैलसर सुती शर्ट आणि एक पंचा. पंचा ओला करून मानेवर टाका, एसी फिका पडेल!

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे म्हणजे सावलीत बसा, पाणी प्या, पुढे जाणं कॅन्सल. पण कुणी असंबद्ध बोलायला लागलं, भेलकांडायला लागलं, तर ती इमर्जन्सी समजा. १०८ ला फोन लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मात्र घालू नका.

मग काय, लावताय ना रविवारी चारचा अलार्म? दहाला घरी, गार पाण्याने अंघोळ, आमरस-पुरी, वर पंखा फुल्ल. शेजारचे तेव्हा कुठे अंथरुणातून उठत असतील!