शितावरून भाताची परीक्षा, दर सेकंदाला

भात शिजला का हे बघायला कुणी अख्खं पातेलं उपसत नाही. एक शीत उचलायचं, दोन बोटांत चेपायचं, झालं. बँकांचे आणि विमा कंपन्यांचे व्यवहार पेलणारी आयबीएमची मेनफ्रेम स्वतःची तब्येत बरीचशी अशीच तपासते. तिच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम आरएमएफ, म्हणजे रिसोर्स मेझरमेंट फॅसिलिटी, करते. शीत किती वेळाने उचलायचं हे मात्र आपण सांगायचं.

ते सांगायचा शब्द आहे ‘सायकल’. काहीच सांगितलं नाही तर १००० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला एक सॅम्पल. घाई असेल तर ५० मिलिसेकंदांपर्यंत उतरता येतं. निवांत असाल तर ९९९९ पर्यंत चढता येतं. दहा सेकंदांना बरोब्बर एक मिलिसेकंद कमी!

दुसरा शब्द ‘इंटरव्हल’: किती वेळाची शितं एकत्र करून एक आकडा काढायचा? ठरलेला मुक्काम ३० मिनिटांचा, म्हणजे १८०० सॅम्पल. पुष्कळ जण तो १५ मिनिटांवर आणतात, चित्र बारीक दिसावं म्हणून. पण सायकल तशीच ठेवली तर हाती ९००च सॅम्पल उरतात. निम्मा वेळ रिझर्व्ह राहिलेल्या डिस्कचा अंदाज मग साधारण १.७ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो (सॅम्पल एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर). आणि ही चूक निम्मी करायला सॅम्पल दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. मला या कामातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका फाइलीतले दोन आकडे बदलायचे, पण त्यांच्यामागे अख्खं संख्याशास्त्र उभं असतं.

ती फाइल म्हणजे पार्मलिब या सेटिंगांच्या लायब्ररीतला ईआरबीआरएमएफ०० हा मेंबर. उघडला की मोजक्याच ओळी दिसतात. त्यातल्या ‘डिव्हाइस’च्या ओळीपाशी जरा थांबा. डॅसडी, म्हणजे डिस्क, मोजायच्या. पुढे नकारांची रांग: टेप नको, कम्युनिकेशन नको, ग्राफिक्स नको, युनिट रेकॉर्ड नको, कॅरेक्टर रीडर नको. युनिट रेकॉर्ड म्हणजे पंचकार्डं वाचणारी, कार्डं पाडणारी आणि ओळी छापणारी यंत्रं. कॅरेक्टर रीडर म्हणजे कागदावरची अक्षरं ओळखणारी. ज्यांनी ही यंत्रं डोळ्यांनी पाहिलेलीही नाहीत, असे तरुण आज पुण्या-मुंबईत बसून ही ओळ जपतात.

रिपोर्टमध्येही असाच एक जुना पाहुणा आहे. डिस्कच्या प्रत्येक ओळीत शेवटाकडे ‘माउंट पेंडिंग’ची टक्केवारी असते: ऑपरेटर डिस्कचा गठ्ठा आणून बसवेपर्यंत किती वेळ गेला? गठ्ठे उचलायचे दिवस संपून कितीतरी वर्षं झाली, रकाना अजून जागेवर आहे. डिस्कच्या नावाचंही तेच. आयबीएमने १९८९ साली आणलेल्या ३३९० डिस्कची एक फेरी पूर्ण व्हायला १४ मिलिसेकंद लागत. आजच्या स्टोरेज पेटीत फिरणारं काहीही नसलं, सगळी फ्लॅश असली, तरी झेड/ओएसला ती ३३९० म्हणूनच ओळख देते. ट्रॅकसुद्धा तोच, ५६,६६४ बाइटचा.

आता गंमत बघा. सेकंदाला हजार आय/ओ, म्हणजे वाचन-लेखनाची कामं, झेलणाऱ्या डिस्कवर एकेक आय/ओ एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो. दोन शितांमध्ये हजार आय/ओ निसटून जात असतील, तर त्यांचा वेळ कोण मोजतं? तिथे सॅम्पलिंग नाहीच. चॅनल सबसिस्टिम, म्हणजे हार्डवेअर, स्वतः घड्याळ लावून प्रत्येक आय/ओचा हिशेब ठेवते. डिस्क कुणी रिझर्व्ह करून ठेवली होती का, माउंटसाठी थांबली होती का, अशा स्थिती मात्र शितावरूनच कळतात. एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसलेले आकडे, एक मोजलेला, दुसरा अंदाजलेला. रिपोर्ट वाचताना हा फरक डोक्यात नसेल तर माणूस हमखास फसतो.

हार्डवेअरने मोजलेल्या वेळेचा ‘डिस्कनेक्ट’ हा तुकडा तर भूगोल सांगतो. डेटाची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या डेटा सेंटरमध्येही लिहायची असेल, तर प्रकाशाला फायबरमधून जाऊन-येऊन दर किलोमीटरला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात. तीस किलोमीटरला ०.३ मिलिसेकंद. लेखनाच्या आय/ओमध्ये ते अंतर दिसतंच दिसतं.

घाईच्या वेळी कामाला येतो आरएमएफचाच मॉनिटर थ्री हा भाग. त्याचा ठरलेला पल्ला १०० सेकंदांचा, सेकंदाला एक सॅम्पल. हिशेब बोटांवर: शंभरातल्या तीस सॅम्पलमध्ये जॉब डिस्कसाठी ताटकळलेला सापडला, तर उशीर ३० टक्के. कामांना अग्रक्रम देणारा वर्कलोड मॅनेजर याहून चपळ, दर २५० मिलिसेकंदांनी डोकावतो.

आरएमएफची नोंद जाते एसएमएफ, म्हणजे झेड/ओएसच्या नोंदवहीच्या, रेकॉर्डमध्ये, ७० ते ७९ क्रमांकांत. प्रोसेसरची ७०, डिस्कची ७४. यातली ७० क्रमांकाची नोंद थेट खिशाला भिडते. सब-कपॅसिटी पद्धतीत सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल चार तासांच्या सरकत्या सरासरीच्या शिखरावरून ठरतं, आणि ते शिखर ७० आणि ८९ या नोंदींतून काढतात.

आणि हे सगळं अहोरात्र गोळा करणाऱ्या आरएमएफच्या मॉनिटर वन या भागाच्या सेशनचं नाव काय? झेडझेड! व्यंगचित्रात घोरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर लिहितात तेच. टेपही मोजायच्या ठरल्या, तर त्याला थांबवावं लागत नाही, मशीनही बंद करावं लागत नाही. कन्सोलवर एक ओळ टाइप करायची: एफ आरएमएफ, मॉडिफाय झेडझेड, डिव्हाइस(टेप).