बरी झाली, पण जायचं कुठं?

रमजान सुरू झाला की मशिदींच्या पायऱ्यांशी मागणाऱ्यांची रांग लागते. असरच्या नमाजनंतर कुणी फळं वाटतं, कुणी खजुराची पाकिटं, कुणी सुटे पैसे हातावर ठेवतं. या रांगेत कधीच न बसणारी एक बाई मात्र जवळपास प्रत्येक गावात असते. एसटी स्टँडच्या मागे, नाहीतर पुलाखाली. भर उन्हाळ्यात अंगावर चार-चार कपडे, केसांच्या जटा, काखेत चिंध्यांचं गाठोडं. ती काही मागत नाही. स्वतःशी बोलते, मध्येच कुणावर तरी ओरडते. गावानं तिचं नाव 'येडी' ठेवलेलं असतं. खरं नाव विचारायला कुणी थांबत नाही.

तिलाही कधी घर होतं. स्किझोफ्रेनियासारखा आजार ऐन तारुण्यात सुरू होतो. काही बायकांना बाळंतपणानंतर तीव्र मानसिक आजार होतो. कानात आवाज येतात, संशय वाढतो, झोप उडते. घरातले 'बाहेरचं झालंय' म्हणत उतारे करतात, गंडे बांधतात. नवरा आजारी पडला तर बायको बहुतेक वेळा त्याला गोळ्या देत संसार ओढते. बायको आजारी पडली तर तिची रवानगी माहेरी होते. आई-बाप आहेत तोवर ताट मिळतं. ते गेले की भावाच्या घरात ती अडचण होते. मग एक दिवस ती घराबाहेर पडते, किंवा तिला कुणीतरी लांबच्या गाडीत बसवून देतं. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही.

अशी बाई दिसली तर काय करावं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आजारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिचं घर शोधायचं असतं. बेघर रुग्णाला सरकारी उपचार मोफत मिळायला हवेत. तेव्हा गावकऱ्यांनी दगड मारणाऱ्या पोरांना हटकावं, पोलिसांना फोन करावा आणि गाडी येईपर्यंत तिथं थांबावं, एवढं तरी नक्कीच करता येतं.

महाराष्ट्रात हे काम मनापासून करणारी माणसं आहेत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक इथं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्यानं 'माउली' उभी केली. रस्त्यावरच्या निराधारांना घरचे डबे पोचवण्यापासून सुरुवात झाली आणि पुढं बेवारस, मनोरुग्ण बायकांसाठी कायमचं घर झालं. रस्त्यावरच्या अत्याचारातून गरोदर राहिलेल्या बायका तिथं येतात आणि त्यांची मुलंही तिथंच वाढतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये 'श्रद्धा' सुरू केली. कर्जतच्या केंद्रात रस्त्यावरच्या रुग्णांवर, पुरुष असोत की स्त्रिया, उपचार करून त्यांना गावी पोचवलं जातं. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा ठिकाणी पहिले काही दिवस औषधाइतकंच महत्त्व गरम पाण्याला असतं. आंघोळ, केस कापणं, उवा काढणं, जखमा धुणं. रक्ताची तपासणी होते, कारण रक्त कमी असतं, क्षय असू शकतो, पोटात मूल असू शकतं. मग गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू होतात. काही आठवड्यांत झोप लागते, आवाज कमी होतात. एखाद्या सकाळी ती आपलं नाव सांगते. नंतर गावाचं नाव, नदीचं, शाळेचं, मुलांचं.

गावाचं नाव कळलं की सगळं मार्गी लागेल असं वाटतं. काही घरांत तसं होतंही. मेली समजून रडून झालेली लेक दारात उभी राहते आणि सगळी गल्ली गोळा होते. पण काही दारं उघडत नाहीत. नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं, रेशन कार्डावरून नाव गेलेलं असतं, जमिनीची वाटणी झालेली असते. 'तिथंच ठेवा, आम्ही येऊ कधीतरी' असं उत्तर मिळतं. बरी झालेली बाई मग आजाऱ्यांत आयुष्य काढते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांचा हा जुना प्रश्न आहे. केवळ घरच्यांनी नाकारलं किंवा घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कायद्याचं कलम १९ सांगतं. मग जायचं कुठं? महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आलं, तेव्हा न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर चेन्नईत सापडलं. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी रस्त्यावरच्या आजारी बायकांसाठी 'द बॅनियन' ही संस्था काढली. बऱ्या होऊनही परतायला घर नसलेल्या बायकांसाठी संस्थेनं पुढं 'होम अगेन' हा उपक्रम सुरू केला. साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, मदतीला एक कार्यकर्ती. बाजार, स्वयंपाक, देवदर्शन, शेजाऱ्यांशी भांडण आणि समेट, सगळं इतरांसारखं. तामिळनाडूबाहेर हा प्रयोग महाराष्ट्रासह इतर राज्यांतही पोचला. त्याला मोठी इमारत लागत नाही. घर भाड्यानं द्यायला तयार असणारा मालक आणि नाक न मुरडणारे शेजारी लागतात. नेमकं हेच मिळणं कठीण असतं.

आजार आणि श्रद्धा यांचं नातं इथं टाळता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. साखळ्या होत्या म्हणून त्यांना पळता आलं नाही. आता रुग्णाला साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. दुसरं उदाहरण गुजरातमधल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्याचं. महाराष्ट्रातूनही तिथं लोक जातात. तिथं 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावरच रुग्णाला त्यांच्याकडं पाठवू लागले. दुआ सुटली नाही आणि दवाही मिळाली.

इस्लामी इतिहासात हा विचार नवा नाही. कैरोत सुलतान कलावून यानं १२८४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. घरी जाणाऱ्या रुग्णाला लगेच कामाला जुंपून घ्यावं लागू नये म्हणून काही पैसे दिले जात, असं सांगतात. बरं झाल्यानंतरचे दिवस अवघड असतात, हे तेव्हाही माहीत होतं.

रमजानच्या संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रोजा धरायचा म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करणं किंवा वेळ बदलणं धोक्याचं आहे. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी झालं तर औषधाची मात्रा विषारी होऊ शकते. गोळ्या इफ्तार आणि सहेरीला घेता येतील का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. गोळ्या सुटल्यामुळंच अनेकींचा आजार उलटतो आणि त्या पुन्हा रस्त्यावर येतात.

जकात घेण्यास पात्र असलेल्यांत वाटेत अडकलेला, घरापासून तुटलेला मुसाफिरही येतो. जकातीचे नियम ठरलेले आहेत, सदक्याला मात्र धर्म विचारावा लागत नाही. एका बाईच्या महिन्याच्या गोळ्या, साबण, सॅनिटरी पॅड, चार जणींच्या घराचं भाडं, शिवणकामाची ऑर्डर, यातलं काहीही देता येतं. हे रमजानमध्ये द्यावं आणि मोहरम, दिवाळीलाही देत राहावं, कारण गोळ्या बारा महिने लागतात.

आणि अशी एखादी बहीण, आत्या किंवा मावशी कुठल्याही घराच्या मागच्या खोलीत असू शकते. पाहुणे आले की तिचं दार ओढून घेतलं जातं. या ईदला तिलाही नवे कपडे शिवावेत आणि शीरखुर्म्याची वाटी खोलीत न पाठवता तिला सगळ्यांबरोबर बसवावं. दुसऱ्या दिवशी तिच्या गोळ्या संपत आल्या नाहीत ना, हे बघावं.