बारांकिया ते मोशी: कचरावेचकांची सोयरीक

दरवर्षी १ मार्चला जगभरातले कचरावेचक आपला दिवस पाळतात. त्याच्या मुळाशी एक हत्याकांड आहे. १९९२ मध्ये कोलंबियातल्या बारांकिया शहरात एका खासगी विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकांनी भंगार वेचणाऱ्या माणसांना पुठ्ठा देण्याच्या बहाण्याने आवारात बोलावलं आणि मारून टाकलं. प्रेतं विच्छेदनासाठी पुरवायची होती. मेल्याचं सोंग घेऊन पडलेला एक जण निसटला आणि पोलिसांपर्यंत पोचला, म्हणून हे उघडकीस आलं. चळवळ त्या दिवशी अकरा जणांची आठवण करते. ज्या माणसाच्या नाहीसं होण्याची कुठेच नोंद होणार नाही, असा माणूस मारेकऱ्यांनी हेरला होता.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, पुण्यात आठशेहून अधिक कचरावेचक हमाल पंचायतीच्या बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली जमले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काहीच संबंध नव्हता. पण पंचायतीने पहिल्यांदा जे मागितलं ते ओळखपत्र. रस्त्यावर पोलिसाने, सोसायटीच्या वॉचमनने हटकलं तर दाखवायला नाव आणि फोटो असलेला कागद. ओळख नसलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे इथल्या बायकांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. अनेकींची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शहराकडे आलेली.

पंचायतीची सुरुवात प्रौढशिक्षणातून झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढशिक्षण विभागात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण काम करत होत्या. या विभागाच्या विचारावर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांचा मोठा प्रभाव होता. अक्षरं शिकवण्याआधी माणसाने आपल्या जगण्याकडे प्रश्न विचारत पाहायला शिकावं, आणि शिकवणाऱ्यानेही त्याच्याकडून शिकावं, ही फ्रेरेंची धारणा. वस्तीत गेलेल्या कार्यकर्त्या मग बायकांबरोबर पहाटे कचराकुंड्यांवर गेल्या. कुंडीत हात घालण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर काम स्वच्छ होईल आणि कमाईही वाढेल, हे त्यातून पुढे आलं. प्रयत्न जमू लागला, तोच एका व्यावसायिकाची गाडी तो माल उचलायला येऊ लागली. बायका त्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. संघटना हवी, हे त्या दिवसांत पक्कं झालं.

ब्राझीलमधला हा विचार पुण्यातल्या वस्तीत रुजत होता, त्याच काळात खुद्द ब्राझीलमध्ये, बेलो ओरिझोंते शहरात, पुठ्ठा-कागद वेचणाऱ्यांची ‘असमारे’ ही संघटना १९९० मध्ये उभी राहिली होती. दोन्ही संघटनांना एकमेकींचा पत्ता नव्हता. भेट व्हायला बरीच वर्षं जावी लागली. २००८ च्या मार्चमध्ये कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली. तिच्यात तीसहून अधिक देशांतले लोक होते, आणि पुण्याची पंचायतही होती. असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या ‘वीगो’ या जागतिक जाळ्यासारख्या संस्थांनी या गाठीभेटींना हात दिला. मग एप्रिल २०१२ मध्ये लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या संघटनांचे प्रतिनिधी तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी पुण्यात आले.

आंतरराष्ट्रीय बंधुभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एक देणारा देश आणि एक घेणारा देश येतो. इथे तशी उतरंड नाही, आणि मला या साऱ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. बोगोटाची बाई आणि पिंपरीची बाई एकाच मालाच्या भावावर जगतात. तेलाचा भाव पडला की नव्या प्लास्टिकच्या स्पर्धेत जुन्याचा भाव दोघींकडे पडतो. दुभाषा लागतो तो भाषणापुरता; प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं का काढायचं, हे दोघींना आधीच ठाऊक असतं. फरक असतो तो आपापल्या सरकारकडून त्यांनी काय मिळवलं यात, आणि शिकण्यासारखंही तिथेच असतं.

पुण्याकडे सांगण्यासारखा हिशेब होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने २००१ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसलं, की एक कचरावेचक महापालिकेला महिन्याला २४६ रुपयांचं काम फुकट करून देते. तिने उचललेला माल पालिकेला उचलावा, वाहावा आणि पुरावा लागत नाही. हा आकडा हातात आल्यावर बोलण्याची भाषाच बदलली. दया मागण्याऐवजी पंचायत देणं मागू लागली. पुणे महापालिकेने कचरावेचकांचा आरोग्यविमा भरला तो त्यानंतरच. पुढे २००८ मध्ये सदस्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेचा करार झाला आणि कुंडीवरच्या बायका घराच्या दारात आल्या. सेवाशुल्क थेट त्यांच्या हातात पडू लागलं.

कोलंबियाकडे न्यायालयाचा इतिहास होता. बोगोटाच्या संघटनेने वर्षानुवर्षं घटनात्मक न्यायालयाचं दार ठोठावलं. २०११ मध्ये न्यायालयाने शहराच्या सफाईची मोठी निविदा रोखली, आणि २०१३ पासून बोगोटा पालिका वेचकांना उचललेल्या मालाच्या वजनावर मोबदला देऊ लागली. संघटनेच्या नोरा पादिया यांना त्याच वर्षी पर्यावरणातला गोल्डमन पुरस्कार मिळाला. ब्राझीलने २००२ मध्येच हा पेशा सरकारी व्यवसाय-यादीत घातला. आपल्याकडे कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचं बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातलं. तिकडे मिळालेलं इकडच्या निवेदनात आधार म्हणून येतं आणि इकडचं तिकडे जातं. अशा देवाणघेवाणीतूनच संघटनांची जागतिक आघाडी बांधली गेली आणि २०२४ मध्ये ब्युनोस आयर्सला तिचं अधिवेशन झालं.

या सगळ्याची कसोटी पिंपरी-चिंचवडमध्ये लागते, कारण पुण्यातलं यश मुळा नदी ओलांडताना पुष्कळ क्षीण होतं. इथे घरोघरचा कचरा मुख्यतः कंत्राटदारांच्या घंटागाड्यांवर गेला. कंत्राटात राबलेल्या सफाई कामगारांना किमान वेतन मिळावं म्हणून पंचायतीला पालिकेविरुद्ध दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयात झगडावं लागलं. मोशीच्या कचराडेपोवर कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. भट्टीला रोज जळण लागतं, आणि चांगलं जळतं ते प्लास्टिक, पुठ्ठा आणि कागद. हाच वेचकांचा माल. ब्राझीलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या संघटना भट्ट्यांना विरोध करतात त्याचं कारण इतकं साधं आहे, आणि मोशीच्या परिसरात ते लागू होत नाही असं मानायला मला आधार दिसत नाही.

मग २०२५ चा फेब्रुवारी आला. चिखली-कुदळवाडीतली भंगार गोदामं, शेड आणि छोटे कारखाने महापालिकेने हजारोंच्या संख्येने पाडले. बेकायदा बांधकाम, आगी आणि नदीचं प्रदूषण ही कारणं खोटी नव्हती. पण चाकण, भोसरी आणि तळवड्याच्या कारखान्यांतून निघणारा पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक आणि लाकडी खोके ज्या साखळीतून पुन्हा वापरात येतात, तिचा एक मोठा दुवा कुदळवाडी होती. वेचणाऱ्या बाईचा माल शेवटी अशाच कोणाकडे जातो. पर्यायी जागा आधी आणि जेसीबी नंतर, असा क्रम असायला हवा होता.

चाकणच्या कंपन्यांचं यात काय? फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार वेष्टनाचं प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा पुनर्वापर केल्याची प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरी होते. ज्या हातांनी ते प्लास्टिक नाल्यातून, कुंडीतून आणि दारातून उचललं, त्यांच्यापर्यंत या व्यवहारातला पैसा पोचेल याची हमी त्या प्रमाणपत्रात नसते. जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींमध्ये कचरावेचकांची आघाडी नेमकं हेच मांडत आली: साखळी बदला, पण आमची उपजीविका हिशेबात धरून बदला. ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची फेरी कराराविना संपली. तो करार होईपर्यंत चाकणच्या एखाद्या कारखान्याला थांबायची गरज नाही. आपला सुका कचरा वेचकांच्या सहकारी संस्थेला देता येतो, उचलण्याचे पैसे वेगळे देता येतात, आणि प्रमाणपत्र घेताना माल कोणी वेचला आणि त्यांना काय दर मिळाला, हे विक्रेत्याला लेखी विचारता येतं.