पक्क्या पाण्याचे भांडे आणि मोटारीचा रेडिएटर

आपल्या घरांत पाणी उकळण्याचे भांडे वेगळे ठेवलेले असते. रोज सकाळी पाणी गाळून त्यात उकळले जाते, आणि काही आठवड्यांतच भांड्याच्या तळाशी पांढरट, खरखरीत थर बसतो. तो घासून काढताना हात भरून येतात. आम्ही पुणतांब्याला गोदावरीच्या काठी राहत असलो तरी आमच्या घरच्या बोअरचे पाणी जड आहे; त्यामुळे हा थर आमच्या विशेष परिचयाचा. असे असूनही हेच पाणी मी तीन वर्षे आमच्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओतीत राहिलो. तेथेही पाणी रोज तापते आणि तेथेही थर बसणारच, हा साधा विचार आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या मला सुचला नाही.

त्याची किंमत एका मे महिन्यात चुकवावी लागली. लग्नासाठी आम्ही दुपारी उशिरा राहाता, लोणी, संगमनेर या मार्गाने पुण्यास निघालो होतो. मोटारीत पाच माणसे, आहेराचे सामान आणि एसी चालू. संगमनेर सोडून चंदनापुरी घाट चढू लागलो तोच तापमानाचा काटा तांबड्या रेषेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. चिरंजीव उतरून रेडिएटरचे झाकण उघडण्यास सरसावले. तेवढ्यात मागून आलेल्या एका ट्रकचालकाने त्यांचा हात धरला. ‘‘भाऊ, आत्ता उघडलं तर तोंड भाजेल,’’ एवढेच तो म्हणाला.

मातोश्रींचे वय तेव्हा सत्त्याऐंशी आणि नेम चौविहाराचा. बरोबर घेतलेले पक्के पाणी संपले होते, सूर्य मावळला, आणि आम्ही रस्त्याच्या कडेलाच. त्या उकाड्यात त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. मला एका शब्दानेही दूषण दिले नाही. म्हणूनच ती रात्र मी विसरलो नाही.

मेकॅनिकने रेडिएटर रिकामा केला तेव्हा त्यातून चहाच्या रंगाचे गढूळ पाणी आले. हेड गॅस्केट निकामी झाले होते, इंजिनाचे हेडही वाकले होते. बिल अठरा हजारांच्या पुढे गेले. ज्या कूलंटचे पैसे मी वाचवीत होतो, त्याला हजार-दीड हजारांहून अधिक लागले नसते.

कूलंट या नावावरून ते केवळ थंडावा देणारे द्रव्य असावे असे वाटते. वास्तविक उष्णता वाहून नेण्याचे काम शुद्ध पाणीच अधिक चांगले करते. परंतु ते लवकर उकळते आणि धातूला गंजवते. कूलंटमध्ये मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल असते. ते पाण्यात निम्मे मिसळले की मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. शिवाय दाबाचे झाकण ती मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे नेते. इंजिनातील पाणी एरवी ९० अंशांच्या आसपास असते. ही वरची शिल्लक घाटात कामी येते. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो आणि अतितप्त पाणी वाफ होऊन उसळते. ट्रकचालकाच्या इशाऱ्यामागे हेच शास्त्र होते.

कूलंटमधील दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे गंजरोधक द्रव्ये. ती हळूहळू खर्ची पडतात. हिशेबाच्या भाषेत हा घसाराच आहे. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून लागत नाही असे नव्हे. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत साधारणपणे दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर असते. नव्या प्रकारचे पाच वर्षे किंवा अधिकही टिकते. आपल्या मोटारीच्या माहितीपुस्तकात दिलेली मुदत आणि प्रकार हेच प्रमाण मानावे. हिरवा, तांबडा, निळा या रंगांवर विसंबू नये, कारण सर्व कंपन्यांचा रंगसंकेत एक नाही. दोन भिन्न प्रकार एकत्र मिसळू नयेत.

कूलंट बदलण्याचे काम मेकॅनिककडून करून घ्यावे, पण त्याचा क्रम आपणांस ठाऊक असावा. मोटार सपाट जागी उभी करावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. काही तास गेले तरी चालतील. हीटरची कळ गरम बाजूस पूर्ण फिरवावी. खाली पसरट टब ठेवून रेडिएटरच्या तळाचा नळ किंवा खालचा होज पाइप सोडून जुने द्रव्य काढावे. मग शुद्ध पाणी भरून इंजिन चालवावे. ते तापून थर्मोस्टॅट उघडला म्हणजे पाणी सर्वत्र फिरते. पुन्हा थंड करून ते काढावे. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ही आवृत्ती करावी. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. तेथे हात घालू नये. घरगुती अ‍ॅसिड टाकून धुण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये; आतील अ‍ॅल्युमिनियम त्याने खाल्ले जाते.

धुतल्यानंतर थोडे पाणी इंजिनात राहतेच. म्हणून एकूण क्षमता माहितीपुस्तकात पाहून तिच्या निम्मे मूळ कूलंट आधी भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड पाण्याने भरावी. आधीच पाणी मिसळलेले तयार कूलंट असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. आत अडकलेली हवा काढून टाकावी, आणि दोन-तीन दिवस इंजिन थंड असताना टाकीतील पातळी खालच्या व वरच्या खुणांमध्ये आहे ना, हे पाहावे. पातळी वारंवार उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे. तेव्हा वरून भरत न राहता तपासणी करावी.

प्रवासात काटा चढलाच तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे आणि निवेपर्यंत वाट पाहावी. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टबात निघालेले ते जुने द्रव्य टाकायचे कोठे? सर्रास ते गटारात किंवा रस्त्याकडेला ओतले जाते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. मांजराचा जीव घ्यायला एखादा चमचाही पुरतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये मिसळले गेलेले डायएथिलीन ग्लायकॉल याच कुळातले. म्हणून जुने द्रव्य घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ‘विष’ असे लिहावे आणि अशा टाकाऊ द्रव्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे. सांडलेले भुशाने किंवा वाळूने टिपून घ्यावे. नवे कूलंटही सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. घरात लहान मुले असतात.

आमच्या वहीत आता मोटारीचे एक पान आहे. त्यात कूलंट कधी बदलले, कोणते भरले आणि तेव्हा मोटार किती किलोमीटर चालली होती, ही नोंद असते. जुने द्रव्य कोठे दिले, तेही मी त्याच ओळीत लिहितो. गाळून पाणी पिणाऱ्यांच्या अंगणात एखाद्या मुक्या जिवाने आपण सांडलेले विष चाटावे, हे आपणांस शोभणारे नाही.