आठ दिवसांची पट्टी

आषाढ लागला म्हणजे काळ नदीकाठच्या माणगावात कोयंडे, विळ्या, खिडक्यांचे गज, असे जे जे लोखंडाचे आहे त्याच्यावर चार दिवसांत तांबूस लव चढते, आणि त्याच घरातील फडताळात रचलेली स्टीलची ताटे मात्र, जणू पर्जन्याशी त्यांचा काही करारच झालेला असावा, तशी निष्कलंक राहतात. त्या कराराची कलमे कोणती, आणि मॅग्नेशियमला तोच करार का साधला नाही, हा या लेखाचा विषय.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. तालुक्यातील विळे-भागाड येथे पोस्कोच्या कारखान्यात 2012 पासून जस्ताचा लेप चढविलेले पोलादी पत्रे, मुख्यतः मोटारींसाठी, तयार होतात. ते स्टेनलेस नव्हेत. तेथील संरक्षण उसनवारीचे आहे: जस्त आधी झिजते, पोलाद वाचते. ताटाच्या पोलादाचे संरक्षण अंगचे. बंदुकीच्या नळ्यांची झीज थोपविण्याच्या खटाटोपात असलेल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली जे पोलाद ओतले, त्याचे मर्म क्रोमियमात होते. क्रोमियमचे प्रमाण साडेदहा टक्क्यांवर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो, आणि ओरखडा पडला तरी हवेच्या स्पर्शाने तो पुन्हा सांधला जातो. मात्र खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड या पापुद्र्याला बारीक छिद्रे पाडते. म्हणून श्रीवर्धनकडे गच्चीला कठडा करावयाचा असेल तर 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेलचे 304 नव्हे, 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 मागावे. दुकानदार दोहोंना ‘स्टील’च म्हणेल.

मॅग्नेशियम कोकणाला परका नाही. पेण-उरणकडील मिठागरांचे जाडे मीठ श्रावणात बरणीत पाझरते तो मॅग्नेशियम क्लोराइडाचाच प्रताप. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असते. 1808 साली हम्फ्री डेव्हीने वेगळा केलेला हा धातू इतका हलका की त्याची घनता अवघी 1.74, तर स्टेनलेसची सुमारे 7.9. पण त्याचे ऑक्साइड ज्या धातूपासून बनते त्याच्या सुमारे 80 टक्केच जागा व्यापते. आखूड गोधडीसारखे ते अंग पुरते झाकीत नाही. मिश्रधातूत लोखंड, निकेल व तांबे यांचा लेशही शिरू दिला नाही तर झीज पुष्कळ मंदावते, हे खरे. परंतु माणगावच्या पावसात उघड्यावर ठेवावयास मी तो कोणाला सांगणार नाही.

ताठरपणाचा हिशेब मात्र गमतीचा आहे. स्टेनलेसचा ताठरपणा सुमारे 195 गिगापास्कल, मॅग्नेशियमचा 45. पण आपापल्या घनतेने भागले असता दोघे जवळजवळ सारखेच उतरतात. म्हणजे नुसत्या ताणापुरता वजनामागे फायदा शून्य. पत्रा वाकविण्याचा प्रश्न आला की पारडे फिरते, कारण तेथे जाडीचा घन मोजला जातो: तितकाच ताठ पत्रा मॅग्नेशियमचा केला तर तो सुमारे 1.6 पट जाड, पण वजनाने चाळीस टक्क्यांच्या आत बसतो. मोटारीच्या गिअरपेटीचे कवच म्हणूनच त्याचे करतात.

या दोन धातूंची खरी गाठ पडते ती हाडांच्या रुग्णालयात, आणि महामार्गावरच्या या गावाला त्या रुग्णालयाची वाट ठाऊक असणे क्रमप्राप्त आहे. मोडलेल्या नडगीवर बसविली जाणारी 316एल पोलादाची पट्टी हाडाहून अनेक पट ताठर असते. हाडाच्या बाह्य कवचाचा ताठरपणा 10 ते 30 गिगापास्कल. सारा भार पट्टीच वाहू लागली की निरुद्योगी हाड विरळ होते, आणि हाड सांधल्यावर पुष्कळदा ती काढण्यासाठी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. मॅग्नेशियमचा ताठरपणा हाडाला जवळचा, शिवाय शरीरात तो हळूहळू विरतो. जो दोष कठड्यावर अक्षम्य, तोच येथे गुण. बेल्जियमचे शल्यविशारद आल्बेन लॅम्बोट यांनी 1907 साली मॅग्नेशियमची पट्टी बसवून पाहिली, पण ती त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी ठोकली. खारट रक्तद्रवात दोन धातू भिडले की विद्युतघट तयार होतो, आणि त्यात मॅग्नेशियमचा बळी ठरलेला. आठ दिवसांत पट्टी विरघळली, कातडीखाली हायड्रोजन वायू साचला. या कल्पनेला बाजारात उतरण्यास शतक लागले: जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या विरघळणाऱ्या स्क्रूला युरोपात 2013 साली परवाना मिळाला.

लॅम्बोट यांना भोवलेला नियम आजही लागू आहे: शरीरात वेगळ्या जातीचे धातू शक्यतो एकमेकांना भिडवू नयेत. ज्यांच्या पायात पट्टी आहे त्यांनी रुग्णालयाचा जुना कागद शोधून त्यावरील धातूचे नाव एकदा वाचून ठेवावे, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर तो कागद डॉक्टरांपुढे आधी ठेवावा.