घरीं बसून कचेरींत प्रवेश

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं रात्रींचीं जेवणें आटोपलीं म्हणजे वडील किंवा आई संगणक उघडून बसतात, पासवर्ड भरतात, मोबाइलवर आलेले सहा आंकडे भरतात, आणि "आतां गडबड करूं नका, मी ऑफिसांत आहें," असें बजावतात. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली तेव्हांपासून हा प्रकार विशेष परिचयाचा झाला. माजघरांत बसलेलें मनुष्य ऑफिसांत कसें असूं शकतें, याची थोडी फोड येथें करितों.

कचेरींतील संगणकांस जे पत्ते दिलेले असतात ते बहुधा खासगी असतात. १० या आंकड्यानें किंवा १९२.१६८ यानें आरंभ होणारे पत्ते १९९६ सालीं ठरलेल्या नियमान्वयें अशा कामासाठीं राखून ठेविलेले आहेत. एकच पत्ता हजारों कचेऱ्यांत असूं शकतो, म्हणून सार्वजनिक इंटरनेटवर तो चालत नाहीं. 'वरच्या आळींतले अण्णा' हे गांवांत सर्वांस ठाऊक असतात. परंतु एवढाच पत्ता लिहून मुंबईहून पत्र टाकिलें तर तें पोंचेल काय? यासाठीं घरचा संगणक एक युक्ति करितो. खासगी पत्त्याचें पत्र तो गुप्त लिपींत उतरवितो, तें दुसऱ्या पाकिटांत घालितो, आणि त्यावर कंपनीच्या वेशीवरील यंत्राचा सार्वजनिक पत्ता लिहितो. वाटेंतील टपालवाल्यांस बाहेरचें पाकीट तेवढें दिसतें. वेशीवरचें यंत्र तें फोडून आंतील मजकूर उलगडतें व इच्छित स्थळीं पोंचवितें. या योजनेस व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, संक्षेपानें व्हीपीएन, असें म्हणतात.

खरी मौज पुढेंच आहे. गुप्त लिपीस किल्ली लागते, आणि दोघांजवळ एकच किल्ली असावी लागते. ती उघड्या वाटेनें धाडावी तर चोर ती वाचणार! १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं यावरील उपाय प्रसिद्ध केला. पाटी घेऊन करून पाहा. दोघांनीं चारचौघांत १३ व २ हे अंक ठरविले. घरच्या संगणकानें मनांत ५ धरला. २ चा पांचवा घात ३२; त्यास १३ नें भागून बाकी ६ राहिली, ती त्यानें उघडपणें कळविली. कचेरीच्या यंत्रानें मनांत ४ धरला. २ चा चौथा घात १६, बाकी ३. तीहि उघडच कळविली. आतां घरच्यानें आलेल्या ३ चा पांचवा घात केला, २४३. त्याची बाकी ९. कचेरीनें ६ चा चौथा घात केला, १२९६. त्याचीहि बाकी ९! दोघांस किल्ली मिळाली, आणि ९ हा अंक वाटेनें गेलाच नाहीं. चोराच्या कानीं १३, २, ६ आणि ३ एवढेच पडले. इतक्या लहान अंकांत तो थोड्या वेळांत छडा लावील. परंतु या रीतींत प्रत्यक्षांत १३ च्या जागीं सहाशेंहून अधिक आंकडी संख्या घेतात, आणि तेथें बलाढ्य संगणकांचेंहि कांहीं चालत नाहीं.

मात्र पलीकडे खरोखर कोण आहे हें या गणितानें कळत नाहीं. त्यासाठीं परवलीचा शब्द हवा, आणि घात होतो तो बहुधा येथेंच. अमेरिकेंत ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदराकडे जाणारा कलोनिअल पाइपलाइन कंपनीचा इंधनाचा नळमार्ग सुमारें ८,८५० किलोमीटर लांबीचा आहे. २०२१ च्या एप्रिलअखेर लुटारू तिच्या जाळ्यांत शिरले, ते एका व्हीपीएन खात्यांतून. तें खातें वापरांतून गेलेलें होतें, पण बंद करावयाचें राहून गेलें होतें. गडाचा मुख्य दरवाजा राखावा आणि चोरदिंडी बुजवावयाची विसरावी, तसाच हा प्रकार झाला! परवलीचा शब्द सोपा नव्हता, असें कंपनीच्या प्रमुखांनीं पुढें सेनेटसमोर सांगितलें. परंतु तो फुटलेल्या पासवर्डांच्या एका यादींत आढळला. त्याच मनुष्यानें तोच शब्द बहुधा अन्यत्रहि वापरिला असावा. ७ मे रोजीं खंडणीची चिठ्ठी पडद्यावर झळकली. कंपनीनें भीतीनें नळमार्गच बंद केला, आणि ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारें ४४ लक्ष डॉलर, मोजले. १२ मे रोजीं नळमार्ग पुन्हां सुरू होईपर्यंत आग्नेयेकडील राज्यांत पेट्रोलसाठीं मोटारींच्या रांगा लागल्या होत्या. खंडणीपैकीं बरेंच बिटकॉइन सरकारनें जूनमध्यें परत मिळविलें, हें खरें. परंतु रांगेंत गेलेले लोकांचे तास कोण परत देणार?

आरंभीं सांगितलेले सहा आंकडे म्हणजे वेशीवरील दुसरी चौकी होय. मोबाइलमधील अॅप ते तयार करीत असेल तर साधारणतः दर ३० सेकंदांनीं ते बदलतात; त्यामुळें केवळ परवलीचा शब्द चोरून भागत नाहीं. कलोनिअलच्या त्या जुन्या खात्यास ही चौकी नव्हती.