मागच्या आसाचे तेल

महामार्ग सोडून धारगळच्या आतल्या वाटांना लागलेली जीप पावसाळ्यात पाण्यातून जाते. धावून तापलेला मागचा आस त्या पाण्याने एकाएकी निवतो, आतील हवा आकसते, आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग डिफरन्शियलमधील तेल दुधाळ होते. तेथील हायपॉइड दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. त्यांना वाचविणारा वंगणाचा पातळ थर पाण्याने तुटतो. म्हणून पाऊस सरताच हे तेल पाहावे.

काम घरी होण्यासारखे आहे. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करावे, सपाट अंगणात उभी करून चाकांना दगड लावावेत. प्रथम वरचे, भरण्याचे बूच सैल करावे. तेल आधी सोडले आणि हे बूच गंजून बसलेले निघाले, तर गाडी अंगणातच अडकली! खालच्या बुचाला चुंबक असल्यास त्यावरचा राखाडी मळ स्वाभाविक समजावा. दाताचा तुकडा निघाला तर मात्र कारागीर गाठावा. नवे तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घेऊन वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरावे.

जुने तेल माडाच्या आळ्यात ओतू नये. जांभा सच्छिद्र असतो. ते विहिरीत उतरते.